व्याह्यांना दिलेला डाव

सकाळपासून तुर्दाकुन किती वेळा फाटकापर्यंत जाऊन आला, हे मोजायचा नाद कुत्र्यानेसुद्धा सोडला होता. पहिल्या दोन-तीन खेपांना ते बिचारं उठून त्याच्या मागे गेलं. मग मात्र एक डोळा उघडून पाहायचं आणि परत मिटून घ्यायचं.

"अहो, बसा की एका जागी," कणकेचे बोरसोक तळता तळता उल्कान म्हणाली. "कोचकोरहून गाडी यायला दुपार होणार. तुम्ही फाटकात उभे राहिलात म्हणून ती लवकर येणार नाही."

"मी कुठे गाडी बघतोय? बिजागरी कुरकुरतेय, ती बघत होतो."

"ती तीन वर्षं कुरकुरतेय."

तुर्दाकुन आत आला, बसला, गुडघा हलवत राहिला, पुन्हा उठला. जाजमाची घडी सरळ केली, मग तीच परत विस्कटली. त्याला पाहुण्यांची धास्ती नव्हती. आज त्याला हरायचं होतं, आणि हरायचं कसं ते त्याला येत नव्हतं.

ही बढाई नाही. अत-बाशीच्या खोऱ्यात कुणालाही विचारा. जनावरांना लस टोचण्यात तुर्दाकुनची उभी नोकरी गेली, पण त्यासाठी त्याला कुणी ओळखत नाही. ओळखतात ते तोगुझ कोरगोलसाठी. अक्रोडाच्या लाकडाचा लांब पट, दोन्ही बाजूंना नऊ-नऊ घरं, घरात नऊ-नऊ खडे, आणि मध्ये जिंकलेल्या खड्यांसाठी ज्याची त्याची कढई. एका घरातले खडे उचलायचे, पहिला त्याच घरात टाकायचा आणि पुढे एकेक पेरत जायचं. शेवटचा खडा समोरच्याच्या घरात पडून तिथली बेरीज सम झाली, की ते सगळे खडे आपल्या कढईत. ब्याऐंशी जमले की डाव जिंकला. एवढं तर शेंबडं पोरही शिकतं. पण एकतीस वर्षांत तुर्दाकुनला कुणी हरवलं नव्हतं, त्याचं कारण जे शिकवत नाहीत त्यात होतं.

न शिकवलेले नियम पुष्कळ. खडे डोळ्यांनी मोजायचे, बोट लावून मोजतं ते पोर. ज्या घराला हात लागला ते खेळायचंच. बघ्याने खोकायचंही बेताने. हरणाऱ्याने पट परत भरून ठेवायचा. आणि सगळ्यांच्या वरचा एक, जो कुणी तोंडाने बोलूनही दाखवत नाही: तोलामोलाच्या माणसाला डाव सोडायचा नाही. म्हाताऱ्याची, लेकराची गोष्ट वेगळी. पण बरोबरीच्या माणसाला मुद्दाम जिंकू देणं म्हणजे त्याच्या तोंडात घास भरवणं. त्यापेक्षा थोबाडीत मारलेली परवडते.

दुर्दैव असं, की व्याही घरी येतात तेव्हाचे नियम वेगळे. ते नियम बायका सांभाळतात आणि त्यांत पाहुणा हरत नाही. कुदा म्हणजे व्याही. कुदा आला की त्याच्या पुढ्यात मेंढराचं डोकं ठेवायचं, त्याचं ऐकायचं, त्याने खोटं सांगितलं तरी मान डोलवायची. त्याला खेळात चीतपट करणं हे त्यांत कुठेच बसत नाही.

तुर्दाकुनने ते दोन वर्षांपूर्वी बसवून पाहिलं होतं. मुलीला, सालकिनला, आपल्या मुलासाठी मागणी घालायला जुमगालहून एक भारदस्त गृहस्थ आले. स्वतःच म्हणाले, मला थोडंफार येतं. तुर्दाकुनने त्यांना चहा निवायच्या आत गुंडाळलं. बरं, गुंडाळलं तर गुंडाळलं, वर म्हणाला, "कुदा, तुम्ही पत्ते खेळत चला, त्यात नशिबाची मदत होते." गृहस्थ हसले. मग त्यांना एकाएकी गाडीच्या चाकात हवा कमी असल्याची आठवण झाली. मेंढराचं यकृत आणि शेपटीची चरबी एका ताटात आणून दोन्ही घरांनी एकमेकांना भरवली की सोयरीक पक्की होते. ते ताट चुलीवरून उतरायच्या आत गाडी खिंडीपलीकडे गेली होती. तो मुलगा काही सालकिनचा जीव की प्राण नव्हता. पण गावात बोललं गेलं, आणि दोन वर्षं त्या घराच्या फाटकाशी दुसरी गाडी थांबली नाही.

आता सालकिन एकोणतीस वर्षांची होती. तालुक्याच्या शाळेत गणित शिकवायची. आणि या खेपेला मुलगा तिने स्वतः पसंत केला होता. एर्निस, कोचकोरचा, विजेच्या तारांवर काम करणारा. त्याचं नाव निघालं की ती उगाच कानामागे केस सारायची. बापाला एवढं दिसत होतं.

परवा संध्याकाळी ती त्याच्यासमोर येऊन बसली. पुढ्यात नान ठेवला.

"आताके, हात ठेवा."

"कशासाठी?"

"एर्निसचे वडील खेळतात. तुम्हाला पट काढल्याशिवाय राहवणार नाही, मला माहीत आहे. काढा. पण हरा."

"बघू."

"बघू नाही. तुमचा एक डाव जाईल. माझं सगळं जाईल. हात ठेवा."

तुर्दाकुनने नानवर हात ठेवला. "हरेन," म्हणाला. आमच्याकडे नानवर हात ठेवून बोललेलं मोडत नाहीत. सालकिनने त्याचा तुकडा मोडून त्याला दिला, एक स्वतः खाल्ला, आणि दोन वर्षांनी पहिल्यांदा बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं. तेव्हापासून तुर्दाकुनला झोप नव्हती.

गाडी आली ती दुपारी एकच्या सुमाराला. एर्निसचे वडील सुयुनाली बारीक अंगाचे, दाढी कातरलेली, बोलणं इतकं हळू की मान पुढे काढून ऐकावं लागायचं. त्यांची बायको मात्र फाटकातूनच बोलत आली आणि बोलत बोलत थेट चुलीपाशी जाऊन बसली. शेजारचा जुमाश सकाळपासून हजर होता. मेंढरू कापायला मदत म्हणून आला होता, पण खरं तर डाव बघायला. तुर्दाकुनचा एकही डाव त्याने चुकवलेला नव्हता, आणि त्याची बातमी गावाला लागायची ती जुमाशच्या तोंडूनच.

चहा झाला, हवापाणी झालं, खिंडीतल्या रस्त्याची खबरबात झाली. मग दोन्ही व्याह्यांची नजर कोपऱ्यातल्या पटावर गेली.

"तुम्ही खेळता म्हणे," तुर्दाकुन म्हणाला.

"छे हो. खडे इकडचे तिकडे करतो," सुयुनाली म्हणाले.

"मीही तसाच."

जुमाशला ठसका लागला. त्याने तो चहाच्या वाटीत दाबला.

पाहुण्याने सुरुवात करायची. सुयुनालींनी नऊ खडे उचलले, आणि तुर्दाकुनच्या मानेवरचा केस न् केस उभा राहिला. उचलले म्हणजे नुसते तीन बोटांत गोळा केले, न बघता, आणि आवाज न करता पेरत गेले. त्याहून महत्त्वाचं, उचलण्याआधी त्यांचे डोळे क्षणभर लांबच्या घरावर जाऊन आले. नवखा माणूस जिथून उचलायचं तिथे बघतो. शेवटचा खडा कुठे पडणार तिथे आधी बघतो, तो खेळणारा. तुर्दाकुनने असा हात बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. आनंद झाला त्याला, अगदी पोटातून. आणि लगेच आठवलं, की आपल्याला हरायचंय.

हरायचं तर हरू. त्याने आपल्या तिसऱ्या घरात पंधरा खडे साठू दिले आणि तसेच उघडे टाकले. सुयुनालींनी पाचव्या घरातले आठ नुसते पेरले असते, तरी सोळा खड्यांचा घास मिळत होता. आंधळ्यालाही दिसला असता.

सुयुनालींनी दाढी कुरवाळली, बराच विचार केला आणि पहिल्या घरातला एकुलता एक खडा पुढे सरकवला.

तुर्दाकुनला वाटलं, नजर चुकली असेल. त्याने दुसरा घास समोर केला. तोही त्यांनी घेतला नाही. उलट आपलेच बारा खडे असे काही मांडून ठेवले, की तुर्दाकुनने कशालाही हात लावला तरी ते त्याच्या कढईत यावेत. घाम पुसत त्याने मोठ्या कष्टाने ते खडे चुकवले. अर्धा तास असा गेला. चार खडे याच्या कढईत, सहा त्यांच्या, तेही चुकून पडलेले. घरात आलेल्या पैपाहुण्यांनी एकमेकांना "आधी तुम्ही, आधी तुम्ही" म्हणत दारात अडकून बसावं, तशी गत. जुमाश एकदा याच्या तोंडाकडे बघे, एकदा त्यांच्या. विचारायची सोय नव्हती.

मधेच उल्कान बोरसोकची परात घेऊन आली. "काय कुदा, रंगलाय का डाव?" असं गोड आवाजात विचारलं, आणि वळताना नवऱ्याकडे असं पाहिलं, की त्याने मान खाली घातली. तिच्या मागे दाराशी सालकिन उभी होती. तिचा बापावर विश्वास होता. म्हणूनच तुर्दाकुनला तिच्याकडे बघवेना.

मग सुयुनालींनी ते केलं. बोट पुढे केलं आणि ओठ हलवत एकेका खड्याला टेकवून मोजायला लागले. एक, दोन, तीन.

तुर्दाकुन मनातून पेटला. एवढा हात असलेला माणूस माझ्या घरात, माझ्या पटावर, पोरासारखा बोटाने मोजतोय! का, तर मला जिंकू द्यायचंय. मला! काय समजतोय काय हा मला? सुदैवाने त्याच वेळी अंगणातून हाक आली, मांसाचा हंडा उतरवायला जुमाशला बोलावत होते. तो नाइलाजाने उठला. खोलीत दोघंच उरले.

"कुदा," तुर्दाकुन दबक्या आवाजात म्हणाला, "तुम्ही माझ्याकडे खेळायला आलात की मला भरवायला?"

सुयुनालींचं बोट हवेत राहिलं. "तुम्ही तर मघापासून मला भरवताय. तिसऱ्या घरात पंधरा! मला काय दिसत नाही?"

"मी नानवर हात ठेवलाय. मुलीने ठेवून घेतला."

"माझी बायको म्हणाली, तिथे जिंकलात तर येताना चालत या." सुयुनालींनी दाराकडे पाहिलं. "म्हणाली, मागायला निघालोय, वाकून मागा. मुलगाही म्हणाला. तुमचं नाव ऐकून आहेत सगळे. जुमगालच्या माणसाचंही ऐकलंय."

तुर्दाकुन हसला, आणि हसू आवरताना डोळ्यांत पाणी आलं. सुयुनालीही हसले, पण लगेच थांबले.

"चार वर्षं झाली," ते म्हणाले. "माझा जोडीदार होता गावात, तो गेला. तेव्हापासून मी एकटाच दोन्ही बाजूंनी खेळतो. आज गाडीत बसल्यापासून माझे हात शिवशिवतायत, कुदा. आणि इथे येऊन बोटाने मोजतोय."

अंगणात कुणीतरी लाकडं फोडत होतं.

"असं करू," सुयुनाली आणखी हळू आवाजात म्हणाले. "पट परत भरू. खरं खेळू. निकाल काय लागायचा तो लागो, बाहेर सांगायचं, पाहुणा जिंकला. तुमची नानवरची शपथ राहील. माझ्या बायकोला सांगेन, यजमानांनी ऐकलंच नाही, डाव देऊनच टाकला."

तुर्दाकुनने क्षणाचाही वेळ घेतला नाही. इथे त्याची लबाडी सांगितलीच पाहिजे. तो जिंकणार याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. जगासाठी हरलो, नानचा शब्द राहिला, मुलगी खूश. आणि आत, खिशात, खरी जीत. एकतीस वर्षांतली सगळ्यात मोठी. इतका सोपा सौदा त्याला आयुष्यात मिळाला नव्हता. आपण नानवर 'हरेन' म्हणालो होतो, 'हरलो म्हणून सांगेन' असं नाही, हा विचार त्याच्या मनाच्या उंबऱ्यापर्यंत आला. त्याने दार लावून घेतलं.

"भरा," तो म्हणाला.

त्यानंतरचा पाऊण तास दोघांपैकी कुणी चहाला हात लावला नाही. सुयुनालींचं हळू बोलणं, वाकणं, दाढी कुरवाळणं सगळं गळून पडलं. खेळायला लागल्यावर माणूस वेगळाच निघाला, टणक. तुर्दाकुन मांडी बदलत होता, गुडघ्यावर उभा राहत होता, परत बसत होता. त्याला काहीतरी आठवत होतं, ते काय ते कळायला वेळ लागला. समोरच्याची भीती वाटणं कसं असतं, ते तो विसरून गेला होता. त्याने सहा घेतले की ते आठ घ्यायचे. त्याने सापळा लावला की ते त्यावरून पाय उचलून जायचे. मधे एकदा दोघांनी एकाच वेळी एकाच घराकडे पाहिलं आणि दोघांनाही हसू फुटलं. किती वर्षांत तुर्दाकुन इतका सुखात नव्हता, आणि इतका बेचैनही नव्हता.

त्याचे चौसष्ट झाले, त्यांचे अडुसष्ट. पटावर थोडकेच खडे उरले. तुर्दाकुनच्या दुसऱ्या घरात तीन खडे होते, सुयुनालींचे डोळे तिथे जाऊन आले. तुर्दाकुनने ते टिपलं. तीन वाचवायला त्याने तेच घर उचललं आणि पुढे पेरलं. बरं वाटलं त्याला.

सुयुनालींनी चौथ्या घरातले तेरा उचलले आणि पेरत निघाले. आपली सहा घरं, मग तुर्दाकुनचं पहिलं, दुसरं, तिसरं. पाचव्यापाशी तुर्दाकुनला उमगलं. शेवटचा खडा सातव्या घरात पडला. तिथे तेरा होते, चौदा झाले. अडुसष्ट आणि चौदा, ब्याऐंशी.

त्याच्या सातव्या घरातले ते तेरा खडे मघापासून सगळ्या जगासमोर ढीग घालून बसले होते. ते डोळे दुसऱ्या घराकडे गेले ते मुद्दाम, याला दाखवायला. एकतीस वर्षं तो इतरांशी जे करत आला, ते आज त्याच्याशी कुणीतरी केलं होतं.

नेमक्या त्याच वेळी जुमाश हात पुसत दारात आला. त्याने पट पाहिला, रिकामं सातवं घर पाहिलं, पाहुण्याची कढई पाहिली. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"वा, तुर्दाके," तो म्हणाला. "वा."

आणि स्वयंपाकघराकडे पळाला.

तुर्दाकुन पट भरायला लागला. हरणाऱ्याचं काम. खडे किती जड असतात, हे त्याला आज समजत होतं. तेवढ्यात सालकिन आली, त्याच्यापाशी गुडघे टेकून बसली आणि चहाची वाटी त्याच्या हातात दिली. तिचे डोळे भरले होते.

"तुम्हाला किती जड गेलं असेल, मला माहीत आहे," ती कानाशी म्हणाली. "मी विसरणार नाही, आताके."

त्याने चहाची वाटी तोंडाला लावली.

जेवायला सगळे एकत्र बसले तेव्हा जुमाशला कोण आवरणार? "पट बघताच कळलं मला, तेरा खडे, सातव्या घरात, असे उघडे! मी असतो तर माझा हात थरथरला असता. आणि हे, असे बसलेले, जणू काही दिसतच नाही. अहो, एकतीस वर्षांत न हरलेला माणूस. लेकीसाठी!" उल्कानने पदराने डोळे टिपले. सुयुनालींची बायको म्हणाली, "मन मोठं आहे हो तुमचं." मग नवऱ्याकडे वळून, "बघा, शिका काहीतरी."

"हो," सुयुनाली म्हणाले. "कुदांनी मान दिला."

ते हसत होते. ठरल्याप्रमाणेच चाललं होतं सगळं. पण तुर्दाकुन त्यांच्या हाताकडे बघत होता. मघाशी खडे पेरताना इतका स्थिर असलेला हात आता मांडीवर पडून होता, आणि अंगठा उगाच बोटांवरून फिरत होता. चार वर्षं उपाशी असलेल्या माणसाने आज आयुष्यातला एक डाव जिंकला होता, आणि तो त्याच्याच समोर त्याच्या ताटातून उचलून दुसऱ्याच्या ताटात वाढला जात होता. वाढपी जुमाश, आणि खाणारा आपण. हरल्याचं दुःख एक वेळ पचलं असतं. ही वाहवा पचत नव्हती.

यकृत-चरबीचं ताट आलं. उल्कानने विहिणीला भरवलं, विहिणीने उल्कानला, सुयुनालींनी तुर्दाकुनला, तुर्दाकुनने सुयुनालींना. सोयरीक झाली. सगळ्यांच्या तोंडातला घास खाली गेला, आणि मगच तो बोलला. तेवढी अक्कल त्याला दोन वर्षांपूर्वी आली होती.

"डाव मी दिला नाही," तो म्हणाला.

"बघा," जुमाश म्हणाला. "मोठ्या माणसाचं लक्षण."

"जुमाश, गप्प बस. यांनी मला हरवलं. माझ्या दुसऱ्या घरात तीन होते. यांनी तिकडे नुसतं पाहिलं, मी ते वाचवायला हललो आणि तेरा विसरलो. विसरलो. मुद्दाम उघडे टाकले नव्हते. त्याआधी यांनी आपलं सहावं घर मला सोडलं ते का सोडलं, हे मला आत्ता मांस खाताना कळलं. मी जीव तोडून खेळत होतो. हे माझ्याहून चांगले खेळतात."

जुमाशने तोंड उघडलं, मनातल्या मनात ते तीन खडे परत मांडून पाहिले, आणि मिटलं. त्याला खेळ कळत होता.

सुयुनालींनी वर पाहिलं. "सहावं घर सोडलं तेव्हा तुम्ही घ्याल की नाही, मला खात्री नव्हती," ते नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले. त्यांचा अंगठा थांबला होता.

"म्हणजे तुम्ही खरंच जिंकलात?" त्यांची बायको ओरडली. "काय सांगितलं होतं मी घरून निघताना?" आणि सगळे हसले. उल्कानसुद्धा हसली. पुढच्या वेळी कोचकोरला डाव मांडायचं ठरलं.

एकटी सालकिन हसली नाही. तिने चहाचं भांडं उचललं, रिकाम्या वाट्या गोळा केल्या आणि बाहेर गेली.

ऊन अजून अंगणात होतं तेव्हाच पाहुणे निघाले. गाडी दिसेनाशी झाली तशी तुर्दाकुन मागच्या बाजूला गेला. पाण्याच्या पाटाच्या कडेला बसून सालकिन वाट्या धूत होती. तो तिच्या मागे थांबला. खाकरला.

"झालं ना सगळं नीट," तो म्हणाला.

"झालं."

"माणसं चांगली आहेत."

"आहेत." तिने एक वाटी पालथी घातली. "आताके, तुम्ही जिंकला असता तर मला काय सांगितलं असतं?"

खोटं बोलायला जागा होती. पण आजच्यापुरतं ते संपलं होतं.

"हरलो म्हणून सांगितलं असतं. पट परत भरून नव्याने खेळलो, तेव्हा आमचं तसं ठरलं होतं."

"आणि मी तुमच्यापाशी येऊन रडले असते. आज रडले तशीच."

"हो."

ती वाटी घासत राहिली. स्वच्छ झालेली वाटी पुन्हा घासत राहिली.

"बोललात ते बरं केलंत," ती म्हणाली. "ते त्यांचं होतं, त्यांना मिळालं. आणि माझंही काही बिघडलं नाही, लग्न ठरलं. मला एकच सांगा. पट परत भरलात तेव्हापासून डाव संपेपर्यंत, एकदा तरी माझी आठवण झाली का हो तुम्हाला?"

तुर्दाकुनला त्या डावातली एकूण एक खेळी पाठ होती. त्याने पहिल्या खड्यापासून सुरुवात केली. त्यांचा हात, आपला सापळा, दोघांना एकदम फुटलेलं हसू, सोडलेलं सहावं घर, ते तीन, ते तेरा. शेवटपर्यंत आला. पुन्हा मागे गेला, शोधत. पाऊण तास होता तो, आणि त्यात ही पोर कुठेच नव्हती.

"नाही," तो म्हणाला.

सालकिनने मान हलवली. वाट्यांची चळत उचलली आणि ती घरात गेली. तुर्दाकुन पाटाच्या कडेलाच उभा राहिला. तिच्या मागोमाग आत जायचा त्याला धीर होईना.